कच्चे काप

दादा,

काल तुझं तेरावं झालं आणि आज सकाळपासून घरात माझ्याखेरीज कोणी नाही. इतके दिवस माणसं येत होती. पडवीत बसायची, पाणी घ्यायची, आणि उठताना प्रत्येकाच्या तोंडी एकच, "सुटलो बिचारो." मी मान हलवत होते. वाद घालायची ती वेळ नव्हती. पण तू नेमका कशातून सुटलास ते मला अजून कळलेलं नाही. शेवटचा तो खोकला सोडला तर तू अडकून पडल्यासारखा कधी जगला नाहीस. सकाळी उठून विहिरीवर जायचास, वाफ्यांना पाणी घालायचास, पानांमागच्या अळ्या वेचायचास आणि माघ-फाल्गुनात रोज दुपारी केळीच्या पानावर काप मांडून बसायचास. यात बिचारं काय होतं?

मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती तुझ्या शेवटच्या दिवसाची आहे आणि तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. पण एकदम तिथे जायला जीभ वळत नाही. म्हणून आधी कापांचं बोलते.

तू बोटीवरून कायमचा परत आलास तेव्हा गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि मी शिरोड्याच्या शाळेत नुकतीच लागले होते. वेंगुर्ल्याला आगबोट खोल पाण्यात लांब उभी राहिली, होड्यांतून माणसं धक्क्याला आली, आणि मी त्यांत तुला शोधत होते. पांढरा सदरा, केसांना तेल, हातात आयेसाठी काहीतरी परदेशी डबा, असा तू मला हवा होतास. होडीतून उतरलेल्या माणसाचे दोन्ही हात कोपरापासून खाली चुरगळलेल्या कागदासारखे होते. मानेची एक बाजू ओढलेली, डाव्या हाताची बोटं आत वळलेली. आयेने आधी तुझा चेहरा बघितला, मग हात. ती रडली नाही. "चल घराक," एवढंच म्हणाली आणि तुझी पेटी स्वतः उचलायला गेली.

इटालियन कंपनीच्या त्या बोटीवर तू भटारखान्यात होतास. बटाटे सोलण्यापासून सुरुवात केलीस आणि मुख्य आचाऱ्याचा उजवा हात झालास. आये वाडीभर सांगायची, "माझो झील गोऱ्यांका जेवूक घालता." आणि परत आलास तो चुलीसमोर उभं राहू न शकणारा आचारी होऊन.

हे आम्हाला लगेच कळलं नाही. पहिल्या दिवशी आयेने तुझ्या आवडीचं बांगड्यांचं तिखलं केलं, तिरफळं घालून, आणि तुला आत जेवायला बोलावलं. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलास. चुलीत माडाच्या सुक्या झावळ्या धडधडत होत्या. तू तिथेच थांबलास, कपाळाला घाम फुटला आणि "माका भूक नाय" म्हणून विहिरीकडे निघून गेलास. आयेला वाटलं, बोटीवरच्या जेवणापुढे आता आपलं आवडत नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं तेव्हा तिने काही न विचारता तुझं पान पडवीत मांडलं. तेव्हापासून तू पडवीतच जेवलास. आंघोळीचं पाणी तापवायच्या चुल्याजवळही तू जात नसस, म्हणून बारा महिने थंड पाण्याने आंघोळ. कोणी विडी पेटवली की तू उठून जागा बदलायचास. गावाला वाटायचं, परदेश बघून आल्यावर शिष्ट झाला आहे.

तुझ्या पेटीत सदऱ्यांच्या घडीत एक कागदाची पुडी होती. त्यात टोमॅटोचं बी.

"ह्यां कोणी दिल्यान?" मी विचारलं.

"म्हाताऱ्यान."

म्हातारा म्हणजे तुझा वरचा आचारी, नेपल्सकडचा. त्याचं नाव तू घरात कधी उच्चारलं नाहीस. बी मात्र तू फार जपून ठेवलंस, आणि भात कापून झाल्यावर विहिरीशेजारच्या वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी पिकाच्या, तुकड्यात लावलंस. पहिल्या वर्षी रोपं वाळूत जळून गेली. दुसऱ्या वर्षी तू किनाऱ्यावरून सुकी मासळी आणून आळ्यांत पुरलीस. सगळ्या वाडीला वास सुटला, पण झाडं उभी राहिली. सावंतवाडीच्या बाजारात मिळायचे त्या छोट्या आंबट टोमॅटोंसारखे हे नव्हतेच. मोठे, चपटे, देठाकडे भोपळ्यासारख्या चुण्या पडलेले.

आये त्यांना तांबडी वांगी म्हणायची आणि हात लावायची नाही. आपल्या घरात मासळी रोज, पण टोमॅटो कापला की आतून रक्त दिसल्यासारखं होतं, असं तिचं म्हणणं. पहिलं फळ तू काढून आणलंस तेव्हा ती दारात भात पाखडत होती.

"ह्याचां काय करतलंस?"

"काप."

म्हाताऱ्याने तुला त्या पदार्थाचं नाव सांगितलं होतं ते काप्री नावाच्या एका बेटावरून पडलेलं. तू ते आम्हाला म्हणून दाखवलंस. आयेच्या कानाला त्यातलं 'काप' तेवढं लागलं आणि नाव तेच पडलं. पण नाव पडलं म्हणून तिचं समाधान झालं नाही.

"कापांका तवो लागता, तेल लागता, रवो लागता. हे कसले काप?"

"ह्यांका कायच लागणा नाय. कच्चेच खातत."

"मगे काप कशाक म्हणतंस? फोडी म्हण."

खरा खटका उडाला तो दुधावरून. कापांत टोमॅटोच्या जोडीला तिकडे ताजं चीज घालतात, पांढरं, मऊ, म्हशीच्या दुधाचं. आपल्याकडे म्हैस होती. तू आयेला म्हणालास की दूध तापवून त्यात लिंबू पिळून दे, पुढचं मी बघतो. आये सूप खाली ठेवून तुझ्याकडे बघत राहिली.

"आपसूक नासलां तरी माझ्या जिवाक लागता. आणि तू मुद्दाम नासवतलंस? दारात म्हस आसताना?"

तू समजावलंस, तिकडे देशच्या देश हे खातात म्हणून. तिकडे खातील, इकडे गोठ्यातल्या जनावराला लागतं, हे तिचं उत्तर. मी मध्ये पडले नाही. शाळेत मी मुलांना दूध का फाटतं ते शिकवत होते, पण आयेसमोर ते काढायची माझी छाती नव्हती. शेवटी तीच दुसऱ्या दिवशी पडवीत आली आणि तुझ्यापुढे एक फडकं टाकून म्हणाली, "दह्याचो चक्को हा तो घे. दही म्हणजे नासवणां न्हय."

मग ते तुमचं दोघांचं काम होऊन बसलं. दही ती लावायची. फडक्यात बांधून खुंटीला तू टांगायचास. सगळं पाणी गळून गेलं की मीठ लावून, फडक्यासकट पाट्याच्या दगडाखाली दाबून ठेवायचास. सकाळी त्याची वडी तयार. सुरीने कापली की ती भुसभुशीत व्हायची, म्हणून तू माझा वळेसर, म्हणजे गजरे, ओवायचा दोरा घेतलास, एक टोक दातांत आणि एक उजव्या हातात धरून वडीखालून ओढलास, आणि चकती स्वच्छ सुटली. त्यानंतर माझ्या वळेसरांना दोरा पुरला नाही.

तिसरी वस्तू पान. तिकडचं पान आपल्या तुळशीच्या जातीचं, तू म्हणालास आणि तुळशीवृंदावनाकडे निघालास. आयेने तुला वाटेतच अडवलं.

"तुळशीचां पान ठेवलंस म्हणजे निवेद झालो. देवाक तांबडी वांगी दाखवतलंस?"

तू दगडी गडग्याच्या कडेने उगवलेला सब्जा आणलास. त्याची पानं चुरून नाकाशी धरलीस आणि बराच वेळ तसाच उभा राहिलास. नंतर म्हणालास, "ह्यांच तां." मला वाटतं, परत आल्यापासून त्या दिवशी मी तुला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

पितळेच्या ताटात आये मांडू देईना, आंबट कळकेल म्हणून. तेव्हा केळीचं पान. सुरमईच्या तुकडीएवढा जाड टोमॅटोचा काप, त्यावर टेकून चक्क्याची चकती, मध्ये सब्ज्याचं पान, पुन्हा टोमॅटो. मीठ सगळ्यात शेवटी, आणि ते शिरोड्याच्या मिठागरातलं, खडे हाताने चुरून. मीठ आधी घातलं की पाणी सुटतं आणि काप मरतात, असं तू म्हणायचास. तेल हवं होतं ते जैतुनाचं, ऑलिव्हचं. ते बाबीने आणलं.

बाबी तुझा लहानपणापासूनचा सोबती, रापणीवर मासळीची जाळी ओढायला जाणारा. तेरेखोलच्या पलीकडून पोर्तुगीज माल इकडे कसा यायचा ते त्याला ठाऊक होतं आणि आपण विचारत नसू. एके दिवशी तो बगलेत पत्र्याचा डबा घेऊन आला. तू झाकण काढून वास घेतलास आणि त्याला त्याच्या हक्काची पहिली चकती दिलीस. त्याने ती तोंडात टाकली, चावली, विचार केला.

"नुसतां मीठ? कांदो घाल. एक मिरची घाल."

"म्हाताऱ्यान ऐकल्यान असतां तर तुका दर्यात टाकल्यान असतां."

बाबीने तरी पुढच्या वेळी कमरेला कांदा बांधून आणलाच. पुढे गोवा सुटला. तुम्ही दोघांनी वाडीत साखर वाटलीत. मग महिन्याभराने तेलाचा डबा संपला आणि दुसरा आला नाही, तेव्हा तू रिकामा डबा उलटा धरून म्हणालास, "स्वातंत्र्य मेळला, तेल गेलां." खोबरेल घालून पाहिलंस, पण ते स्वतःचाच वास पुढे करायचं. त्यानंतर तुझे काप बिनतेलाचेच राहिले.

म्हाताऱ्याची हकिगत तू एकदाच सांगितलीस, मीठ चुरता चुरता, मान वर न करता. तांबड्या समुद्रातून बोट जाताना भटारखान्यात माणूस उभा राहू शकत नसे. अशा दिवशी म्हातारा जाहीर करायचा की आज चुलीला सुट्टी, आणि सगळ्या खलाशांसाठी परातीच्या पराती काप मांडायचा. त्याच्या शेजारी उभा राहून तू ते शिकलास. पुढे एका सफरीत, बोट हलली आणि तळणाचं तेल उलटून पेटलं. त्याने स्वतःचा ओला अंगरखा तुझ्यावर टाकला आणि तुला दाराबाहेर ढकललं. तू एडनच्या इस्पितळात शुद्धीवर आलास. बोट पुढे गेली होती. तो जगला की नाही, तुला कोणी सांगू शकलं नाही. "ईचारलंय मी," तू म्हणालास, "पण माझी भास तेंका कळली नाय." आणि मग पान माझ्याकडे सरकवलंस. "खा. पाणी सुटतलां."

आयेने एक अख्खा मोसम काप खाल्ले नाहीत. दुसऱ्या मोसमात, फाल्गुनातल्या एका दुपारी, ती उन्हातून कुळीथ उपटून आली, तुझ्याशेजारी बसली आणि एक काप उचलला. मग आणखी एक. मग खाली पानात साठलेलं आंबट-खारट पाणी भातात ओतून तो भात जेवली.

"बरां आसा," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "तव्यार घातलां असतां तर अधिक बरां लागलां असतां."

तिला काय म्हणायचं होतं ते आपल्या तिघांनाही कळलं होतं.

ते मी नंतर उघड बोलले. आपलं खरं भांडण ते एकच, आणि ते कधी मिटलं नाही. वेंगुर्ल्यात एक खाणावळवाला आचारी शोधत होता, तुझ्याविषयी त्याने विचारलं होतं. तू जाणार नाहीस हे मला ठाऊक होतं, तरी मी त्या दिवशी शाळेतून आले आणि पिशवी खाली न ठेवताच म्हणाले, "तू ह्या कापांच्या आड लपतंस."

"लपतंय," तू म्हणालास. "मगे?"

"मगे काय? किती वर्सां लपतलंस?"

"टोमॅटो येतत तवसर."

मला राग आला, कारण याच्यावर बोलण्यासारखं तू काही शिल्लक ठेवलं नव्हतंस. मला अजूनही वाटतं की मी म्हणत होते ते बरोबर होतं. तुझ्या हातात विद्या होती आणि ती तू एका केळीच्या पानापुरती करून टाकलीस. पण तेवढ्या पानावर तू कधी हयगय केली नाहीस, हेही मी बघत होते. टोमॅटो एक दिवस कमी पिकलेला असला तर तू काप करत नव्हतास, पाहुणा आला तरी. कोणी मला विचारलं की नीट काम करणं म्हणजे काय, तर मुलांना सांगायला माझ्याकडे तेवढंच उदाहरण आहे.

आणखी एक राहिलेलं. माझं लग्न तुझ्यामुळे राहिलं असं तू धरून चालला होतास. बाबीकडे बोललास, आयेकडे बोललास, माझ्याकडे कधी नाही. म्हणून मलाही कधी उत्तर देता आलं नाही. आता देते. तसं काही नव्हतं. जी स्थळं आली त्यांतलं एकही मला आवडलं नाही. सावंतवाडीचा तो कारकून तर पहिल्याच भेटीत माझा पगार माझ्या हातात राहील का हे सोडून सगळं बोलला. मला शाळा आवडत होती, संध्याकाळी पडवीत तुमचं दोघांचं चक्क्यावरून चाललेलं ऐकायला आवडत होतं. माझं आयुष्य तू खाल्लं नाहीस, दादा. हे मी तुला हयातीत सांगायला हवं होतं, पण तू विचारल्याशिवाय कसं सांगणार?

मग आये गेली. सकाळी म्हशीची धार काढून आली आणि भिंतीला टेकून बसली ती उठली नाही.

घर माणसांनी भरलं. बायका रडत होत्या, पण पडवीत पुरुष दबक्या आवाजात वेगळंच बोलत होते. अग्नी कोण देणार? एकुलता एक मुलगा, आणि तो विडीच्या काडीला भितो. आबाकाका, आपल्या भाऊकीतले वडीलधारे, तुला बाजूला घेऊन म्हणाले की माझा मुलगा देईल, शास्त्रात चालतं, तू नुसता उभा राहा. तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही. तुम्ही तिला घेऊन गेलात. आम्ही बायका घरी राहिलो, रीतीप्रमाणे.

दुपार उलटून गेल्यावर बाकीचे सगळे परत आले. तू आला नाहीस. ऊन कलल्यावर आलास, नखशिखान्त भिजलेला, धोतरातून वाळू गळत होती. मी विचारलं, "इतको वेळ खंय होतंस?" तू म्हणालास, "आंघोळ केलंय." स्मशानातून आल्यावर माणूस आंघोळ करतोच. मी तुला कोरडं धोतर दिलं आणि पुढे काही विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस.

गोष्टीत असतं तर दुसऱ्या दिवशी तू चूल पेटवली असतीस. तसं काही झालं नाही. तू पडवीतच जेवत राहिलास, थंड पाण्यानेच न्हात राहिलास. फक्त दही आता मी लावत होते, आणि ते आयेसारखं लागत नव्हतं, असं तू एकदाही म्हणाला नाहीस.

दोन-तीन मोसमांपूर्वीची ती दुपार आठवते? शनिवार होता, शाळा सकाळची. आपण पडवीत बसलो होतो, मधे पान. तू मीठ टाकता टाकता म्हणालास,

"सुमा, माका जाळू नको गो."

मी समजले नाही असं दाखवलं.

"पुरून टाक. थंय माडांत. रेव आसा, खणूक तरास नाय."

"भाऊकी काय म्हणात?"

"सांग, तेका आग चलणा नव्हती."

"दादा, मेल्यार माणसाक काय कळता?"

तू मीठ चुरायचं थांबलास आणि माझ्याकडे सरळ बघितलंस. "तां तुका कसां ठावक?"

मला ते ठाऊक नव्हतं. शाळेच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तू पान पुढे सरकवलंस आणि आपण खाल्लं.

या वर्षी हिवाळ्यापासूनच तुझी छाती भरून यायला लागली. डॉक्टर म्हणाले, त्या वेळी धूर आत गेला तो फुप्फुसात बसला आहे. तू पडवीतून वाफे दाखवायचास आणि मी पाणी घालायचे. शेवटच्या सकाळी तू दोन घोट पेज घेतलीस, उशीवर मान टाकलीस आणि बराच वेळ माडांकडे बघत होतास. मी भांडं ठेवून परत आले तेव्हा तू गेला होतास.

माणसं जमली तेव्हा मी आबाकाकांना सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं, की त्याला पुरायचं आहे, तशी त्याची इच्छा होती. आबाकाका वाईट माणूस नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुरतत ते संन्याशांका, नायतर ल्हान पोरांका. हो कोण? तेका गती मेळाक नको?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी पुन्हा सांगितलं. कोणी तरी म्हणालं, भाजल्यापासून त्याचं डोकं थोडं असंच होतं. मला आणखी भांडता आलं असतं. पण मयत भांडण संपेपर्यंत थांबत नाही, आणि चार माणसांच्या खांद्याशिवाय तुला माडांतही नेता आलं नसतं. मी मागे विहिरीवर गेले.

तिथे बाबी आला. तो आता म्हातारा दिसतो. कठड्याला टेकून उभा राहिला आणि आयेच्या दिवशी काय झालं ते त्याने मला तेव्हा सांगितलं.

आबाकाकांच्या मुलाने कोलीत हातात घेतलं होतं. तू ते त्याच्याकडून घेतलंस. तुझा हात इतका हलत होता की ठिणग्या तुझ्याच पायांवर पडत होत्या. बाबी मदतीला पुढे झाला तर तू त्याला मानेने नको म्हणालास. अग्नी दिलास. मग चिता धडकली तसा तू मागे मागे सरत गेलास, वाळूवरून, थेट पाण्यात, कमरेपर्यंत. सगळ्यांना वाटलं पळाला. कवटी फुटल्यावर माणसं रीतीप्रमाणे घरी निघाली. बाबी तुला हाक मारायला गेला.

"मी म्हटलंय, चल आता, सगळी गेली. तर म्हणता, आयेक एकटी कशी सोडू? लाटा कमरेर येयत होत्यो. थरथरी होतो. पण तोंड आगीकडेच. विझासर थंय उभो रवलो."

मी तोंडावर पाणी मारलं आणि पडवीत गेले.

"जाळा," मी आबाकाकांना म्हणाले. "पण मी येतलंय."

"बायल माणसांनी मसणात येवचां नाय."

"मगे मयत हलूचां नाय."

आत बायकांचं रडणं थांबलं. आबाकाकांनी आजूबाजूला बघितलं, कोणी तरी आपल्याला मदत करेल म्हणून. बाबी खांदा द्यायला पुढे झाला होता, तो तिरडीशी बसल्या बसल्या म्हणाला, "येवं देत. मी रवतंय तिच्या वांगडा."

"लांब उभी रव," आबाकाका शेवटी म्हणाले.

मी लांब उभी राहिले नाही. तुमच्या मागून चालत गेले, सुरूच्या झाडांमधून, किनाऱ्यावर. वाडीतल्या बायका गडग्याशी उभ्या राहून बघत होत्या. शाळेतही आता बोलतील. बोलू देत. आबाकाकांच्या मुलाने अग्नी दिला. वारा समुद्रावरचा होता, त्यामुळे ज्वाळा माझ्याकडे झुकत होत्या. तोंड भाजत होतं, पण मी जागा सोडली नाही. तू कोणत्या गोष्टीला इतकी वर्षं पाठ फिरवून बसला होतास ते मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं, आणि खाणावळीवरून तुला बोलले तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं, एवढं कबूल करते. माणसं गेली. बाबी आणि मी राहिलो. तो वाळूत बसला, मी उभीच होते.

सांगायचं होतं ते हेच, दादा. मेल्यावर काही कळत नाही हे तुला कसं ठाऊक, असं तू मला विचारलं होतंस आणि मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी बघितलं. डोळे चुरचुरत होते तरी मिटले नाहीत. सुरुवातीपासून निखारे काळे पडेपर्यंत बघितलं. लाकडं ढासळली, ठिणग्या उडाल्या, आवाज झाले. तुझ्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तुझे हात जिथे ठेवले होते तिथेच होते, ते तू एकदाही मागे घेतले नाहीस.

तुला लागलं नाही. मी तिथे होते.